सांडलेले तांदूळ

अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, कॉलेजात असताना, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. १९५४चा कृष्णधवल चित्रपट, २०७ मिनिटांचा. बसायला लोखंडी खुर्ची, आणि इंग्रजी सबटायटल्स वाचेपर्यंत चित्र पुढं गेलेलं. कळलं ते एवढंच, की सोळाव्या शतकातलं जपान आहे, दरोडेखोरांनी गांजलेलं एक खेडं आहे आणि गावानं राखणीला सात तलवारबाज आणलेत. ‘शोले’ची आजी बघून आलो, या मिजाशीत मी आठवडाभर होतो. शेवटची लढाई धो धो पावसात, चिखलात होते. ती ऐन फेब्रुवारीच्या थंडीत चित्रित केली होती, असं पुढं वाचलं, तेव्हा तोशिरो मिफुनेच्या उघड्या मांड्या आठवून मलाच हुडहुडी भरली.

मग नोकरी, डीव्हीडी, आणि जुन्या जपानच्या तलवारपटांचा नाद. कोबायाशींच्या ‘हाराकिरी’त एक तरुण आहे. गरिबीपायी खरी पाती विकून म्यानात बांबूची तलवार बाळगणारा. तो पाहिला आणि माझी तलवारींची हौस बरीच उतरली.

‘सेव्हन सामुराई’ पुन्हा लावला तो त्यानंतर. या वेळी दिसला तांदूळ. गावाकडं द्यायला पैसा नाही. पोटभर भात हीच सामुराईंची मजुरी. शेतकरी स्वतः भगरीच्या जातीचं भरड धान्य खातात आणि भात त्यांच्यापुढं ठेवतात. सामुराई शोधायला शहरात आलेल्या गावकऱ्यांचा तांदूळच एका रात्री चोरीला जातो. मग योहेई नावाचा म्हातारा फळ्यांवर सांडलेले दाणे वेचत बसतो. चिमटीत एक दाणा, तो भांड्यात, मग पुढचा. कुरोसावांना तिथं घाई नाही. आमच्या घरी आई सुपातून उडालेला तांदूळ असाच टिपायची.

वडिलांनी जन्मभर मावळात भातशेती केली. मागच्या पावसाळ्यात ते माझ्याकडं होते, तेव्हा त्यांच्यासोबत आठव्यांदा पाहिला. त्यांना जपानी येत नाही आणि इंग्रजीही नाही. मीच मधे मधे सांगत होतो. लढाईत त्यांना डुलकी लागली. शेवटी गावात आवणी चालू होते, ढोल वाजतो, तेव्हा जागे झाले.

“गडी वाजवत्यात आन् बाया वाकल्यात,” म्हणाले. “हितंबी त्येच.”

थोडं थांबून म्हणाले, “आरं, त्यो दाणं येचणारा म्हातारा जगला का रं?”

“मेला,” मी म्हणालो. “तुम्ही झोपला होता तेव्हा.”

सातांपैकी चार सामुराई मरतात, चौघंही बंदुकीच्या गोळीनं, हे मला तोंडपाठ होतं. योहेईला मी कधी मोजलंच नव्हतं.