दोर होता, म्हणून मी निर्धास्त होतो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनकडच्या आमच्या आगरात माड-पोफळी आडव्या झाल्या. पुढे कितीतरी दिवस गावात लाईट नव्हती. तारांवर कललेली झाडं आम्ही दोर लावून बिनदिक्कत पाडली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं : दोर नीट बांधला आणि चार गडी ओढायला असले, की झाड आपण म्हणू तिकडेच पडतं. वायरमनची वाट बघायची म्हणजे दिवस फुकट.

दोन वर्षांनी श्रावणात, वादळात कललेला एक माड तोडायला घेतला. शेजारून ११ केव्हीची लाईन जात होती. घरात लाईट नव्हती, म्हणून लाईन बंद आहे असं मी धरून चाललो. शेंड्याखाली काथ्याचा दोर बांधला, गडी उलट्या बाजूला उभे केले. करवत अर्ध्यावर गेली, वारा आला आणि माड गर्रकन फिरला. एक चुडत तारेला टेकलं. निळा लखलखाट झाला. पुढच्या गड्याने दोर टाकला आणि तो चिखलात बसला. "दादा, हाताला झिणझिण्या आल्या," एवढंच बोलला. तो वाचला. त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

वायरमनने नंतर समजावलं. आमच्या डीपीवरचा फ्यूज उडाला होता, वरची लाईन चालूच होती. त्या तारांना वरून आवरण नसतं. ओला दोर वीज वाहून नेतो, ओलं झाडही नेतं. बंद केलेल्या लाईनवरसुद्धा चुकीच्या जोडणीने कुणाच्या जनरेटरची वीज उलटी येऊ शकते. म्हणून लाईन बंद करायची, तपासायची आणि अर्थिंग करायचं. त्यानंतरच झाडाला हात लावायचा.

वादळात कललेले आणखी दोन माड आम्ही वायरमनने सांगितलं तसेच उतरवले. लाईन बंद करून अर्थिंग झालं. मग मागच्या बाजूला दोन दोर ताणून माड धरून ठेवला. आधी चुडतं उतरवली, मग खोड शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने. प्रत्येक तुकड्याचा दोर शेजारच्या फणसाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हळूहळू सोडला. भार बुंध्याने घेतला, माणसाच्या हातांनी नाही. खाली कुणालाही उभं राहू दिलं नाही. अर्धा दिवस लागला. तो फुकट गेला असं मला आता वाटत नाही.

दोराने झाड सावरता येतं, वीज नाही. हे कळायला माझ्या गड्याचा जीव पणाला लागला, याची खंत कायम राहील. तुमच्या आगरात एखादं झाड तारेकडे कललं असेल, तर दोर शोधण्याआधी वीज तक्रारीच्या १९१२ क्रमांकावर फोन करा. आणि घरात लाईट नाही म्हणून तार मेली आहे, असं कधीही समजू नका.