आपल्या शब्दांत लिहिणें

निबंधाच्या वह्या तपासतांना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळते. ‘पुस्तकांतील मजकूर आपल्या शब्दांत लिहा’ असें सांगितलें म्हणजे पुष्कळ विद्यार्थी पुस्तक पुढें उघडें ठेवून शब्दामागून शब्द बदलीत जातात. ‘सूर्य’ असेल तेथें ‘रवि’ येतो, ‘आरंभ’ असेल तेथें ‘सुरवात’ येते. वाक्याची ठेवण मात्र मूळ लेखकाचीच राहते. दुसऱ्याच्या अंगरख्याला आपल्या गुंड्या लाविल्या म्हणून तो आपला होत नाहीं.

यांत कित्येकदां सत्याचाही घात होतो. समजा, पुस्तकांत असें आहे कीं, हिंदुस्थानांतील प्रवाशांची पहिली आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. विद्यार्थी ‘आगगाडी’ऐवजीं ‘रेल्वे’ घालतो, ‘गेली’ऐवजीं ‘धांवली’ घालतो, आणि ‘प्रवाशांची’ हा शब्द सहज गाळतो. तेवढ्यानें विधान खोटें ठरतें. कारण रुडकीजवळ सोलानी नदीवरून कालवा नेण्याचें काम चालूं असतां माती वाहण्यासाठीं वाफेचें इंजिन १८५१ सालींच रूळांवर आलें होतें. वाक्याचा भार ज्या शब्दावर होता तोच गळाला, आणि लिहिणाऱ्यास त्याचा पत्ताही लागला नाहीं. कारण त्यानें शब्द पाहिले, अर्थ पाहिला नाहीं.

खरी रीत अशी. मजकूर दोनदां वाचावा, पुस्तक मिटावें, आणि धाकट्या भावंडास समजावून सांगावा तसा तो लिहावा. मग पुस्तक पुन्हां उघडून ताडून पाहावें. मूळचें वाक्य कोठें तसेंच उतरलें काय? ‘बहुधा’, ‘केवळ’, ‘पहिला’ अशा शब्दांनीं घातलेली मर्यादा कोठें सुटली काय? एखादें वाक्य बदलल्यानें बिघडेल असें वाटल्यास तें अवतरणचिन्हांत जसेंच्या तसें द्यावें. दोन्ही प्रसंगीं लेखकाचें व ग्रंथाचें नांव सांगावें. शब्द आपले झाले तरी विचार त्याचाच असतो.

आधार सांगितल्यानें लेखकाची थोरवी उणी होत नाहीं. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें सुमारें ९००० ओव्या रचिल्या. दृष्टांत त्यांचे, भाषा त्यांची. तरी व्यासांच्या मागून व भाष्यकारांच्या आधारानें आपण चाललों, हें त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं मोकळेपणानें सांगून ठेविलें आहे.

पालकांसही आमची एक विनंति आहे. हल्लीं शब्द बदलून देण्यास संगणकास क्षणही लागत नाहीं. समजून घेण्याचें काम मात्र मुलासच करावें लागतें. म्हणून निबंध पुरा झाल्यावर वही बाजूस ठेवावी आणि ‘यांत काय लिहिलें आहेस, तें सांग पाहूं’ असें त्यास विचारावें. त्यास तें सांगतां आलें, तर निबंध त्याचा आहे असें आम्ही समजूं.