हळदीवरचा आळ

सांगलीच्या मार्केट यार्डात, अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दमा झाला की निदानाला डॉक्टर लागत नाही. हळद! सौद्यांचा हंगाम भरात आला की यार्डातली हवाच पिवळी होते. माझी छाती वाजायला लागली ती चाळिशीत, ऐन हंगामात. मालकांपासून हमालांपर्यंत सगळ्यांनी हळदीवर आळ घेतला. कुणी कोजागरीच्या खिरीतलं औषध सुचवलं, कुणी हैदराबादला माशाच्या औषधाला जा म्हणालं. हंगाम संपला, पावसाळा आला, दमा मात्र मुक्कामाला राहिला.

पुढची वर्षं पंपावर निघाली. सकाळ-संध्याकाळ नेमाने ओढायचो, डॉक्टरांसमोर ओढून दाखवलाही होता. तरी सर्दी झाली की ती छातीत उतरायची, रात्र उशांना टेकून बसून काढावी लागायची आणि मग प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स. दोन दिवसांत माणसात यायचो. पुढे कोर्समधलं अंतर कमी होत गेलं आणि शेवटी गोळी रोजचीच झाली. चेहरा गोल झाला, साखर वाढली, पन्नाशीतच मोतीबिंदू निघाला. बायको म्हणाली, ‘‘अहो, ही गोळी तुम्हाला जगवतेय की खातेय?’’ दोन्ही खरं होतं.

मुलगा पुण्यात नोकरीला लागल्यावर त्याने तिथल्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी जुन्या फायली मागितल्या आणि बराच वेळ त्याच चाळल्या. मग विचारलं, ‘‘वास येतो का तुम्हाला?’’ येत नव्हता. हळदीच्या पोत्यांत बसून हळदीचा वास येत नाही, हे मी कधीचं गृहीत धरलं होतं. नाकात दुर्बीण घातल्यावर आत मऊ मांसाचे फुगवटे दिसले. हातावर ॲलर्जीच्या चाचणीचे थेंब टोचले, एकाही थेंबाने दखल घ्यावी अशी गांध उठली नाही. रक्तातलं ॲलर्जीचं आयजीईही बेताचंच होतं.

‘‘धुळीने खोकला येईल, तो कुणालाही येईल. पण तुमचा आजार हळदीने लावलेला नाही,’’ त्या म्हणाल्या आणि रक्ताच्या साध्या रिपोर्टवर बोट ठेवलं. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला नऊशेच्या घरात. स्टिरॉइड चालू असताना हा आकडा खाली दबतो, माझा तरीही वरच होता. जुन्या फायलींत तो कितीतरी वेळा छापलेला होता, त्याखाली कुणी रेघ ओढली नव्हती.

आपल्याकडे इओसिनोफिल वाढले की आधी जंतांचा संशय घ्यावा लागतो. त्यामुळे शौचाची तपासणी झाली, जंतांचं औषध झालं, फुप्फुसातल्या बुरशीची चाचणी झाली. सगळं निस्तरूनही आकडा उतरेना, तेव्हा त्यांनी अँटिबॉडीच्या इंजेक्शनांचा विषय काढला.

दम्यावरचं अशा प्रकारचं पहिलं औषध ओमालिझुमॅब, अमेरिकेत 2003 साली मंजूर झालेलं. ते आयजीईला पकडतं, म्हणजे ॲलर्जीच्या दम्याचं, माझ्या कामाचं नाही. माझ्यासाठी होतं मेपोलिझुमॅब. शरीरात इंटरल्यूकिन-5 नावाचं एक प्रथिन असतं. ते अस्थिमज्जेतून इओसिनोफिलना बोलावतं आणि आल्यावर जगवतंही. ही अँटिबॉडी त्या प्रथिनालाच वाटेत अडवते. आमंत्रणच पोचलं नाही तर पंगत बसणार कशी!

बाईंनी सांगितलेला इतिहास मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटला. 2000 च्या सुमारास हे औषध दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा पेशी घटल्या पण दमा हलला नाही. औषध जवळजवळ बाजूला पडलं. मग इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी सरसकट दमेकरी न घेता, इओसिनोफिल चढलेले रुग्ण निवडले. हॅमिल्टनच्या गटात परमेश्वरन नायर होते. 2009 साली दोन्ही अभ्यास प्रसिद्ध झाले: अटॅक कमी झाले होते. औषध तेच, माणसं निवडली आणि उत्तर बदललं. 2015 मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याआधीच्या वर्षी, रोज स्टिरॉइडची गोळी घेणाऱ्या 135 रुग्णांवरचा अभ्यास आला होता. औषध मिळालेल्यांची गोळी मध्यकाने निम्म्यावर आली, नुसतं पाणी टोचलेल्यांची जागची हलली नाही.

इंजेक्शन दर चार आठवड्यांनी, 100 मिलिग्रॅम. मी ते मिरजेत घेतो. औषध थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये येतं. बाटलीत पांढऱ्या पावडरीची वडी असते. सिस्टर त्यात पाणी सोडतात आणि बाटली दोन बोटांत धरून नुसती गोल फिरवतात, थांबतात, उजेडाकडे धरून बघतात, पुन्हा फिरवतात. पहिल्या वेळी मी म्हटलं, जोरात हलवा की. ‘‘नाही काका, फेस झाला की औषध खराब होतं.’’ मग दंडाच्या कातडीखाली टोचतात आणि थोडा वेळ बसवून ठेवतात, रिॲक्शन आली तर जवळ असावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण पुढच्या सर्दीत मी श्वास कधी अडकतोय याची वाट बघत राहिलो आणि ती सर्दी नाकातच संपली. गोळी अडीच-अडीच मिलिग्रॅमने उतरवली, कारण इतकी वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावते. त्या महिन्यांत अंगात त्राण नसायचं, यार्डाचा जिना जड जायचा. आज गोळी बंद आहे. पंप चालूच आहे, तो सुटणार नाही. वास कधी येतो, कधी जातो.

पैशाची गोष्ट टाळून चालणार नाही. एका डोसची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघं आहोत, म्हणून हिंमत केली. विमा कंपनीने पहिला क्लेम ‘ओपीडी’ म्हणून परत पाठवला. मुलाने विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येत नव्हतं, त्यांच्या यादीत इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी स्पष्ट लिहिलेली होती, डे-केअरमध्ये घेतली तरी. पत्रापत्री झाली, क्लेम मंजूर झाला, पण वर्षाच्या मर्यादेसह. वरचा भार आमचा. ‘थांबवून बघू का?’ असं मी बाईंना विचारलं होतं. थांबवल्यावर अनेकांचे अटॅक परत वाढतात, हे त्यांनी सरळ सांगितलं.

यार्डात आता दमेकरी मला गाठतात, इंजेक्शनचं नाव विचारतात. मी नाव शेवटी सांगतो. आधी म्हणतो, पंप बरोबर ओढता का ते डॉक्टरांना दाखवा, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिलचा आकडा शोधा. ती तपासणी काहीशे रुपयांत होते आणि बहुतेकांच्या फायलीत आधीच असते. महागडं औषध परवडेल की नाही हा पुढचा प्रश्न, आपला दमा कुठला हे कळणं तरी प्रत्येकाच्या ऐपतीतलं आहे.