तळाचे आमिष

कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात व एक होऊन पूर्वेकडे वळतात. त्या वळणाखाली, पावसाळा ओसरून पाणी निवळले म्हणजे, वडिलांच्या परिचयाचे एक वृद्ध भोई, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, मला गळ टाकावयास शिकवीत. आणि त्यांच्या समग्र विद्येचा गाभा, वाहत्या पाण्यात आमिष तळाशी स्थिर राखणे, हाच होता. शिंगाळा आणि वांब तळाशी चरणारे. प्रवाहाने उचललेले गांडूळ त्यांच्या मुखापर्यंत पोहोचावे कसे?

वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. आबा ते बोटावरच्या दोरीने जाणत. गोल शिसे गडगडते म्हणून ते ठोकून चपटे करीत, जाड दोरीवर पाणी अधिक रेटते म्हणून बारीक दोरी घेत, आणि शिशाला आरपार भोक पाडून ते दोरीवर मोकळे ठेवीत, जेणेकरून आमिष उचलणाऱ्या माशाला वजनाची शंकाही येऊ नये. जेमतेम तळ धरील एवढेच शिसे लावावे, असा त्यांचा दंडक होता. कारण अतिभाराने आमिष ठरते खरे, परंतु माशाचा हलका स्पर्श हातापर्यंत येत नाही.

पुढे मुलकी खात्यात रुजू झालो आणि बदलीच्या हुकमाने चिपळुणास गेलो. वाशिष्ठीच्या खाडीत भरती-ओहोटीने प्रवाहाची दिशाच पालटते. पाणी थबकते त्या अल्प अवधीत रतीभर शिसे पुरते, आणि ऐन ओहोटीला मूठभरही अपुरे पडते. 1962 पासून कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून वाशिष्ठीस येऊ लागले होते; बालपणीची नदी घाटाखाली मला पुन्हा भेटली, या जाणिवेने मी कित्येक संध्याकाळी त्या काठी बसून राहिलो.

परंतु तुटलेल्या दोरीसह शिसे पाण्यातच राहते. इंग्लंडात हंस ते खडे समजून गिळीत व विषबाधेने मरत; म्हणून 1987 साली तेथे लहान शिशांच्या विक्रीस कायद्याने मनाई झाली. तेव्हापासून मी नदीतलाच चपटा काळा दगड खाच पाडून बांधतो. पाण्यात शिशाचे वजन अकराव्या हिश्श्याहून कमी घटते, दगडाचे सुमारे एकतृतीयांश. त्यामुळे दगड मोठा लागतो, आणि मोठ्या दगडाला धारही अधिक रेटते, ही गैरसोय खरी. ती पत्करावी आणि शिसे घरीच ठेवावे, अशी गळ टाकणाऱ्या प्रत्येक तरुणास माझी कळकळीची विनंती आहे.