थांबणारा माग

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून पूर्वभागाकडे वळले की यंत्रमागांचा खडखडाट कानी पडू लागतो. हातमाग, यंत्रमाग आणि आता धोट्याविना चालणारे माग, असा प्रवास या नगरीने पाहिला आहे. नवे यंत्र आले की सुधारणा आपोआप होते, हा समज मात्र आम्हांस खरा वाटत नाही.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटताच आपण होऊन थांबत असे. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात हेच तत्त्व माणसांपर्यंत पोहोचले. दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून इशारा द्यावा, प्रसंगी काम थांबवावे आणि कारण शोधावे. रोजच्या लहान लहान सुधारणांना, म्हणजेच 'कायझेन'ला, या सवयीचा मोठा आधार मिळाला.

आमच्याकडे चादरी-टॉवेल विणणाऱ्याची मजुरी बहुधा नगावर ठरते. माग थांबला की मजुरीही थांबते. नवे यंत्र शिकण्यात गेलेल्या दिवसाची किंमत त्याच्या मुलांच्या ताटातून जाते. मग त्याने अंग चोरले, तर त्यास जुनाट म्हणावे काय? मनाची तयारी ही केवळ स्वभावाची गोष्ट नव्हे. ती निर्भयतेतून येते. शिकण्याच्या दिवसांची मजुरी मिळाली आणि दोष दाखविणाऱ्याचे ऐकले गेले, तर ज्याचा हात रोज धाग्यावर असतो तोच उद्याची सुधारणा सुचवील. नव्या मागाची किंमत मांडताना कारखानदारांनी हा खर्चही त्यात धरावा, एवढीच आमची विनंती आहे.