आमच्या दाराची बातमी

लेकीला दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास एकच होता, पण तो माझ्याच मुळावर आला. रोज एक बातमी वहीत लिहायची. शाळेत परिपाठाला बातम्या वाचतात, त्याची ही तयारी. पोरगी पाचवीत. वर्तमानपत्र ती शब्दकोड्यापुरतं उघडते, त्यामुळे रोज रात्री जेवताना प्रश्न यायचा, "बाबा, आज जगात काय झालं?"

हा प्रश्न मला मनातून आवडायचा. मी मानकोलीजवळ एका गोदामात आवक-जावक बघतो आणि जगाच्या बातम्या मला पेपरवाल्यांच्या आधी कळतात, असा माझा समज आहे. मार्च 2021 मध्ये ते चारशे मीटरचं 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं. तेव्हा आमच्याकडे रोज शेठचा एकच सवाल असायचा, "माल कुठंय?" आणि माझं एकच उत्तर, "पाण्यावर." हा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झालाय की मी 'सु' म्हणताच आई ताट उचलून आत जाते.

पहिल्या दिवशी मी टॅरिफ दिलं. अमेरिकेनं 2025 च्या ऑगस्टअखेर आपल्या मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला होता, आणि आमच्या गल्लीत सूत-कापडाच्या भावावरून बोलताना लोक आता ट्रम्पचं नाव शेजाऱ्यासारखं घेत होते. लेकीला काही कळेना. मग मी जकात सांगितली. पूर्वी मुंबईत माल न्यायचा तर नाक्यावर जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी नाक्याच्या अलीकडे, भिवंडीभोवतालच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल उतरवायला सुरुवात केली. भातखाचरांत गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. त्यातल्याच एकात तुझा बाबा बसतो.

"म्हणजे अमेरिकेनं नाका बसवलाय," ती म्हणाली आणि तेवढंच लिहिलं. माझी बाकीची दहा मिनिटं वाया.

19 ऑक्टोबरच्या रविवारी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चोरी झाली. ही बातमी मात्र तिला शोधावी लागली नाही. चोर सकाळी उजेडात आले, पिवळी जाकिटं घालून. सामान वर चढवायची शिडी असलेला ट्रक भिंतीला लावला, गॅलरीतून आत शिरले, राजघराण्याचे दागिने उचलले आणि आठ मिनिटांच्या आत स्कूटरवरून पसार. पळताना एका सम्राज्ञीचा मुकुट मात्र रस्त्यात पडला. "पिवळं जाकीट घातलं की कोणी विचारत नाही," मी म्हणालो. हे मी गोदामाच्या अनुभवावरून सांगत होतो.

दोन दिवसांनी लक्ष्मीपूजन. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खाली सुताचं गोदाम, शेजारी पॉवरलूमचा कारखाना. बायको आणि आई झेंडू, लाह्या-बत्तासे, केरसुणी आणायला बाजारात गेलेल्या. मी गॅसवर बासुंदीचं दूध बारीक आचेवर ठेवलं आणि आकाशकंदिलाचा बल्ब बदलायला दाराबाहेर आलो. लेक स्टूल धरायला. वाऱ्यानं दार आपटलं. दाराला लॅच. किल्ली आत, फोन आत, आणि दूधही आत.

लक्ष्मी यायची वेळ आणि घराचं दार बंद. ज्या घरात तिन्हीसांजेला दार लोटलेलं आईला चालत नाही, त्या घरात.

तळमजल्यावरच्या मंडपवाल्याकडे शिडी होती, पण ती दुसऱ्या गल्लीत कमान लावायला गेलेली. ती मागवली. ती आली तर एक पायरी मोडलेली. मी पाय ठेवून बघितला, तोच खालून कुणीतरी म्हणालं, "साहब, आप रहने दो." शेजारच्या कारखान्यातला जॉबर होता. लूम बंद असले की हाच वेळ मिळतो म्हणून दुरुस्तीला आलेला. हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल. तो सरसर चढला, गॅलरीच्या कठड्यावरून आत उडी टाकली आणि दार उघडून मलाच "आइये" म्हणाला. चढताना त्याची एक चप्पल निसटून खाली गटारात गेली.

लेकीनं शेजारणीचं घड्याळ लावून वेळ मोजली होती. एकूण बेचाळीस मिनिटं. दूध तळाला पुरतं लागलं होतं. आईनं आल्याआल्या वास घेतला, पातेल्यात बघितलं, काही न बोलता साखर वाढवली आणि आलेल्यांना "रबडीसारखी केलीय यंदा" म्हणून वाढली. जॉबरला मी दुसऱ्या दिवशी नवी चप्पल नेऊन दिली. तो घेईना. शेवटी फराळाच्या डब्याखाली ठेवून आलो.

रात्री वहीत वाचलं: 'लूव्रमध्ये शिडीवरून चोरी. मुकुट पडला. आमच्या घरी शिडीवरून दार उघडले. चप्पल पडली.'

"बेटा, दुसरी बातमी नाहीये."

"का?"

मला उत्तर सुचलं नाही. "ती आपल्या घरातली आहे," एवढं म्हणालो.

"मग ती मला नीट माहितीये की."

भाऊबीजेनंतरही कारखान्यांची खटखट अर्धीच होती. बरेच कारागीर छटपूजेला गावी गेलेले आणि बिहारवाले विधानसभेचं मतदान करूनच परतणार होते. त्या शांततेत झोप लागेना. भिवंडीकराला आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते. त्यात अवकाळी पाऊस सुरू झाला. माझी सासुरवाडी पडघ्याकडे. एका रात्री सासऱ्यांचा फोन आला तो लेकीनं स्पीकरवर घेतला. कापलेल्या भाताची कडपं खाचरातच भिजली, दाण्याला मोड आले, असं ते सांगत होते.

"आजोबा, मग उसळ करता येईल का?"

मी हसलो. तिकडून हसू आलं नाही. खोकल्यासारखा काही आवाज आला आणि मग ते म्हणाले, "नाही गं बाळा, भाताची नाही होत." बायकोनं फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. त्या दिवसासाठी मी लेकीला कुठल्याशा शिखर परिषदेची बातमी काढून ठेवली होती. ती मी पुढे केलीच नाही.

30 ऑक्टोबरला महिला क्रिकेट विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये आपल्या जेमिमानं नाबाद 127 करून ऑस्ट्रेलियाचे 338 पार करून दिले आणि घरातली सगळी जागतिक घडी बदलली. रविवारी, 2 नोव्हेंबरला, नेरुळला फायनल. आमच्यापासून एवढ्या जवळ विश्वचषक, आणि आम्ही टीव्हीपुढे चिवडा घेऊन. ज्या पावसानं भात भिजवलं त्यानं सामनाही दोन तास लांबवला. त्याच संध्याकाळी इस्रोनं 4,410 किलोचा उपग्रह सोडला. बाप म्हणून मी तेही सुचवून बघितलं. "थांब ना रे," एवढंच उत्तर मिळालं.

आपल्या 298. शफाली 87. पण दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोलवार्ट शतक करून उभीच होती, आणि मी दर ओव्हरला 'गेली आता मॅच' म्हणत होतो. तिनं दीप्तीला उंच मारलं. अमनजोत धावत आली, चेंडू हातात आला, उडाला, पुन्हा हाताला लागला, पुन्हा उडाला. मी उठलो तो ताटलीवर पाय देऊन. अमनजोतनं शेवटी एका हातात धरला. चिवडा मात्र सोफ्याखालपर्यंत गेला, शेंगदाणे आजही सापडतात. पुढे दीप्तीची पाचवी विकेट, हरमननं मागे धावत घेतलेला झेल, 52 धावांनी विजय, आणि खाली गल्लीत दिवाळीतले उरलेले फटाके.

लेक वही घेऊन बसली आणि अडकली. आमच्या भिंतीवरचं घड्याळ शाळेच्या व्हॅनसाठी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलंय. त्यात बारा वाजून गेले होते.

"बाबा, आपण दोन तारखेला जिंकलो की तीन?"

"दोनला सुरू झाली ना?"

"जिंकलो कधी ते विचारतेय. तीनचं पान वहीत नाहीये. सुट्टी संपली."

आई म्हणाली, "पंचांगात तिथी सूर्योदयाची धरतात. दोनच लिही आणि झोप."

सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला, ती धावत खाली गेली आणि वही टीव्हीखालीच राहिली. मी ती घेऊन अनवाणी जिना उतरलो, खिडकीतून तिच्या हातात दिली. वर आलो तर दार लागलेलं. मी खिसे चाचपत उभा राहिलो.

"शिडी आणायला जाऊ नकोस," आतून आईचा आवाज आला, "मी आहे."