खोबणीचं माप

पेटी करून हवी म्हणून येणारा माणूस आधी लाकडाचं विचारतो. सागवान की शिसम? पॉलिश चकचकीत की मंद? मी उलट विचारतो, आत काय ठेवायचंय आणि ते बाहेर कोण काढणार? थरथरत्या बोटांसाठी खोबण वेगळी कोरावी लागते, सणासुदीला एकदाच उघडायच्या पेटीची वेगळी. वस्तू हातात आल्याशिवाय मी करवत उचलत नाही. फोटो किंवा फोनवर सांगितलेलं माप मला पुरत नाही, कारण अशी पेटी आतून बाहेर घडत जाते. आधी वस्तू, मग तिच्याभोवतीची मोकळी जागा, मग मखमल, मखमलीखालची बैठक आणि सगळ्यात शेवटी लाकडाच्या चार भिंती.

राहतो कोल्हापुरात, तेव्हा साजाची पेटी करायला लागणं ओघानंच आलं. साज परंपरेनं २१ पानांचा. पानं भरीव दिसतात, पण सोन्याचा पत्रा पातळ असतो आणि पोटात लाख. अंगठ्यानं जरा जोर दिला की पोचा पडतो. प्रत्येक पानाला त्याच्या आकाराची वेगळी खोबण कोरली तर पेटी देखणी दिसते, पण दर वेळी २१ पानं २१ घरांत बसवायची म्हणजे दाबादाबी आलीच. मी साजाला गळ्याच्या वळणाची एकच रुंद पन्हळ देतो आणि मधला भाग किंचित उंच ठेवतो. साज त्यावर अंगावर रुळावा तसा रुळतो, कुठल्याच पानावर भार येत नाही.

नेमकं बसणं आणि गच्च बसणं यांतलं अंतर मला खरं कळलं ते पदकांच्या कामात. सातारा-कोल्हापूरकडे पिढ्यान् पिढ्या पलटणीत गेलेली घरं पुष्कळ. साताऱ्याजवळच्या एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. अशा घरांतून पहिल्या महायुद्धातली पदकं रुमालात गुंडाळून माझ्याकडे येतात. ब्रिटिश वॉर मेडल त्यात हमखास असतं. बहुतेक वेळा चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. दर्शनी बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा. ज्या शिपायानं ते कमावलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेच्या बारीक पट्टीवर ठोकलेली. राजा समोर, माणूस कडेला.

एका शिपायाची पणती मला म्हणाली, "काका, अगदी गच्च बसवा. पेटी हलवली तरी खडखडायला नको."

"ताई, गच्च बसवलं तर काढता-घालताना कड घासणार. आणि तुमच्या पणजोबांचं नाव तिथंच आहे."

तिनं पदक उभं धरून कड पुन्हा वाचली आणि मग काही बोलली नाही.

३६ मिलिमीटरच्या पदकाला मी बैठकीतलं भोक ३९ ते ४० मिलिमीटरचं घेतो. उरलेली जागा दोन्ही बाजूंची मखमल भरते. कापडाची लव कडेला टेकते, पकडत नाही. खडखड थांबवायचं काम झाकणाचं. झाकणाच्या आत कापसाची पातळ गादी असते, ती पेटी मिटल्यावर पदकावर जेमतेम टेकते. खोबणीची खोली पदकाच्या जाडीहून कमी ठेवायची आणि बाजूला अर्धचंद्रासारखी बोटखाच द्यायची, म्हणजे नखानं उचकटावं लागत नाही. फितीला वेगळी उथळ पन्हळ, तिची घडी घालायची नाही. जुनं रेशीम घडीवरच तुटतं.

एका शाळेनं परमवीर चक्राच्या प्रतिकृतीसाठी पेटी करून घेतली, तेव्हा ते पदक मी पहिल्यांदा कारागिराच्या नजरेनं पाहिलं. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, लग्नानं आणि मनानं मराठी घरातल्या. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, आणि वरच्या दांडीवर फिरणारं पदक. असं पदक आडवं ठेवायचं तर दांडीच्या सांध्यालाही खोलगट जागा लागते, नाहीतर चकती एका बाजूनं उचललेली राहते. चार वज्रं दोन्ही डोळ्यांना सारखी दिसावीत म्हणून ती बैठक मी पुन्हा पुन्हा तासली. त्या कामात घाई करणं मला अशक्य होतं.

पेट्यांच्या या कामात दोन जुन्या रीती आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पिस्तुलांच्या जोड्या पेटीत घालून विकत किंवा भेट देत. इंग्लंडचे बंदूककार बहुधा सरळ फळ्यांचे कप्पे करून त्यांना आतून बनात लावत. फ्रान्सच्या कारागिरांचा कल पिस्तुलाच्या बाह्यरेषेबरहुकूम खोबण कोरण्याकडे. व्हर्सायच्या कारखान्यातले निकोला-नोएल बुते यांच्या नजराण्याच्या पेट्यांत पिस्तुलं, गज, दारूची कुपी, सगळं आपापल्या आकारात रुतलेलं दिसतं. कप्प्यांची पेटी उदार असते, एक वस्तू गेली तर तिथं दुसरी मावते. कोरलेली पेटी फक्त त्या वस्तूची. आतलं काही हरवलं तर रिकामी खोबण ते कुणापासून लपवत नाही. वापरायच्या हत्यारांना कप्पे बरे, हे मला पटतं. पण आठवणीच्या वस्तूला मी कोरीव खोबणच देतो. तिची उणीव दिसलीच पाहिजे.

बनातीचं मात्र मी चांदीसाठी नाव काढत नाही. बनात लोकरीची, लोकरीत गंधक असतं, आणि बंद पेटीत चांदी काळवंडायला गंधकाचा अंशही पुरतो. रबरी पट्ट्या आणि काही रबरी गोंद यांचंही तेच. स्वस्त पेट्यांत भरतात तो फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. लाकूडही निर्दोष नाही. ओकसारखी लाकडं आम्लाची वाफ सोडत राहतात. शिसं तिनं पांढरं पडतं, मोत्याचं तेज जातं, कारण मोती म्हणजे मुख्यतः चुनखडीचाच पदार्थ. वस्तुसंग्रहालयांत यासाठी ऑडी चाचणी करतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली ती मांडली. पारखायचा पदार्थ, चांदी, तांबं आणि शिशाचे तुकडे आणि थोडं पाणी काचेच्या बंद भांड्यात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं आणि धातूंवर काय उमटतं ते बघायचं. माझ्याकडे तसली भट्टी नाही. नव्या ठाणाच्या मखमलीचा तुकडा आणि घासून लख्ख केलेली चांदीची पट्टी बरणीत बंद करून मी खिडकीत ठेवतो. पट्टी पिवळी पडली तर ते ठाण दागिन्याच्या कामाला बाद. रंग कितीही सुंदर असो.

मखमल बसवणं हा सगळ्यात नाजूक भाग. गोल खोबणीत एकच तुकडा दाबून बसवायला गेलं की चुण्या पडतात. म्हणून तळाची चकती पुठ्ठ्यावर वेगळी मढवतो आणि भिंतीला तिरकस धाग्यात कापलेली पट्टी लावतो. तिरकस कापड वळणावर ताणलं जातं, सरळ कापलेलं अडून बसतं. सगळ्या तुकड्यांच्या लवेचा रोख एकच हवा, नाहीतर एकाच ठाणातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. चिकटवायला मैद्याची दाट खळ. पातळ झाली तर ती कापडातून वर येते, लव कायमची बसते आणि तो तुकडा फेकावा लागतो. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. धातू ठेवायच्या पेटीत मी तो घालत नाही, थोडी थोडी ताजी खळ शिजवतो.

बाहेरच्या पेटीला सागवान मला सगळ्यात विश्वासू वाटतं. पावसाळ्यात फळी रेषेला आडवी फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि सागवान त्यातही कमी हलतं. चारही भिंती एकाच फळीतून ओळीनं कापायच्या, म्हणजे रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे जाते. पेटी सगळ्या बाजूंनी बंद ठोकळ्यासारखी जोडायची आणि मग करवतीनं तिचं झाकण वेगळं करायचं. त्यानं झाकणावरची रेषा खालच्या भिंतीशी जुळून येते. तळाची फळी मात्र खाचेत सैल सोडायची, तिला सरेस लावायचा नाही. तिला फुगायला जागा मिळाली नाही तर ती कोपरे उघडते.

आतली बैठक मी शिवणीची करतो. हलकी, कोरायला मऊ, आणि एकदा वाळली की गुणी. ती पेटीला चिकटवत नाही. भोवती जरा फट ठेवून नुसती आत उतरवतो आणि एका कडेला ओढायला फीत देतो. त्या पणतीचा भाऊ आज सैन्यात आहे. तिनं विचारलं, उद्या त्याचंही पदक आलं तर? मग ही बैठक बाहेर काढून दोन खोबणींची नवी कोरता येईल, पेटी तीच राहील. मखमल जुनी झाली तर तीही बदलता येईल. पण ते काम मीच करीन असं नाही. म्हणून बैठकीच्या पाठीवर मी पेन्सिलनं लिहून ठेवतो: वर्ष, लाकूड शिवण, मखमल सुती, खळ मैद्याची, मोरचूद नाही, कोमट पाण्यानं सुटते.